लाल कॅलिपर आले आणि मी उतरलो

मी एक जुना ब्रेक कॅलिपर आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, नाव अवघड असलं तरी माझं काम अगदी सोपं. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी गरगर फिरत असते. चालकाने ब्रेकवर पाय दिला, की नळीतून ब्रेक ऑइल माझ्या पोटात शिरतं, माझा पिस्टन पुढे सरकतो आणि मी त्या तबकडीला चिमटीत पकडतो. गाडी थांबते. कौतुक मात्र इंजिनाचंच होतं. ‘काय पळते’ असं सगळे म्हणतात. ‘काय थांबते’ असं म्हणणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला.

तो माझा पहिला मालक. छापखान्यात कामाला होता आणि हौस म्हणून त्याने एक बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली होती. पुढच्या डाव्या चाकात मी आणि उजव्या चाकात माझा जुळा भाऊ. गाडीत सीट दोनच, त्यामुळे शेजारची सीट मालकिणीची हे ठरलेलंच. ती कपडे शिवायची. गाडीने वेग घेतला, की ती आपला पाय गाडीच्या तळावर घट्ट दाबून धरायची.

“अगं, तुझ्या पायाखाली ब्रेक नाही,” मालक म्हणायचा.

“नसू दे. माझा पाय काही मला विचारून दाबत नाही.”

“मग तुझ्या पायाला सांग, खाली दोन पहिलवान बसवलेत म्हणून.”

पहिलवान म्हणजे आम्ही, बरं का. ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी तबकडी अशी धरली, की रस्त्यावरचं मांजरसुद्धा न दचकता निघून गेलं.

मालक दरवर्षी जुनं ऑइल काढून नवं भरायचा, माझ्यावरची धूळ दाढीच्या जुन्या ब्रशने झाडायचा. मग तो आजारी पडला, आणि गेला. गाडीवर कापड पडलं. ब्रेक ऑइलची खोड अशी, की ते हवेतला ओलावा शोषत राहतं. मी दोन वर्षं तेच काळं, पाणावलेलं ऑइल पोटात घेऊन बसलो. पिस्टनला गंज चढला आणि तो जागच्या जागी अडकला. भाऊ तेवढा वाचला. नशीब एकेकाचं.

मालकाचा मुलगा नोकरीला लागला, तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट होती: आईने बाबांच्या गाडीत पुन्हा बसावं. बाबा गेल्यापासून ती गाडीकडे पाठ करून जायची. फार मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा एकदाची बसली. पहिल्याच वळणावर त्याने ब्रेक दाबला. भावाने तबकडी धरली, मला काही हलता येईना, आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. आई तिथेच उतरली.

“गाडी ओढते आहे.”

“जुनी झालीये गं, आई.”

“जुनी तर मीही झालेय. हिचे ब्रेक नीट कर, मग बसेन. तुझ्या बाबांच्या ब्रेकवर माझा भरवसा होता.”

मला उघडून बघायचं, पिस्टन घासायचा, आतली रबराची कडी बदलायची, एवढंच काम होतं. पण मुलाला आईसाठी सगळ्यात भारी ब्रेक हवे होते. आणि भारी म्हटलं, की मामा हजर. टायरचं दुकान चालवणाऱ्या या मामाच्या जिभेला हाड नाही.

“भाच्या, याच गाडीच्या पुढच्या पिढीतली एक ठोकलेली पडलीये भंगारात. तिचे कॅलिपर बघ. चार-चार पिस्टन. शिवाय लाल.”

“या गाडीला बसतील?”

“घराणं एकच आहे. आजोबाची टोपी नातवाला होते, तसं नातवाची आजोबाला का नाही व्हायची?”

मला आणि भावाला काढून दाराजवळ फरशीवर टाकलं. ते लाल पाहुणे इतके ढोले, की त्यांच्यासाठी तबकड्या मोठ्या आणल्या. तबकड्या चाकाला घासू लागल्या, म्हणून चाकंही मोठी आणली. माझी रबराची कडी मात्र महाग वाटली असावी.

आता यांची चूक ऐका. आमच्या पिढीत कॅलिपर तबकडीच्या मागच्या अंगाला बसतो, नव्या पिढीत पुढच्या अंगाला. म्हणजे त्यांचा डावा इथे उजवीकडे बसवायला हवा. या दोघांनी डावा डावीकडे ठोकला. बोल्ट बसले, पण कॅलिपर उलटा झाला आणि हवा काढायचं तोंड खाली गेलं. बसवताना आत शिरलेली हवा बिचारी वर अडकून राहिली. ऑइल रेटतं, पण हवा दबते. मग ब्रेक गादीवर पाय दिल्यासारखा खाली जातो.

मुलाने अंगणात चालवून पाहिली. “मामा, ब्रेक खोल जातोय. दोनदा दाबला की लागतो.”

“नवी सून आहे. रुळेल.”

मुलाने आणखी एकदा ब्रेक दाबून पाहिला. मग त्याने चाकातून डोकावणाऱ्या त्या लाल रंगाकडे पाहिलं आणि हसला. मित्रांनो, ते हसू मी कधी विसरणार नाही. त्याने आईला हाक मारली.

आई नवं पातळ नेसून आली. दाराबाहेर सरळ उतार आहे, खाली वळणावर दगडी भिंत. मी फरशीवरून सगळं पाहत होतो. गाडी उतरली. मागचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा ब्रेक लागला, पण उशिरा. आईने आपला पाय दाबून धरला असेलच. हात मात्र तिने पुढे टेकला होता, आणि गाडी भिंतीवर गेली तेव्हा तो मनगटात मोडला.

दोन दिवसांनी मामा चाकाखाली वाकला आणि हवा काढायचं तोंड बोटाने चाचपू लागला.

“डावा उजवीकडे हवा होता रे,” तो म्हणाला.

दोघांनी कॅलिपरच्या बाजू बदलल्या, हवा काढली. तुम्हाला वाटेल, आता मला उचलून सन्मानाने परत बसवलं. कसलं काय. ते लाल कॅलिपर माझ्यापेक्षा छान थांबवतात. खोटं कशाला बोलू? आणि भावाला कुणीतरी घेऊन गेलं. अडकलेल्या पिस्टनला कोण विचारतो?

आईचा हात जुळला, पण मनगट पुरतं वळत नाही. कात्री धरली, की अर्ध्या कापडावर थांबते.

“आई, आता खरंच नीट झालेत गं. एकदा बस.”

“झाले असतील रे. तू जा. मी चालत जाईन.”

मित्रांनो, गोड उपदेश करण्याइतका गोडवा माझ्यात उरलेला नाही. तरी सांगतो. घरातली वस्तू अडली, तर टाकण्याआधी ती का अडली ते उघडून बघा. नवी खुशाल आणा, पण ती कशी बसते ते आधी विचारा. आणि काहीतरी चुकतंय हे तुमच्याच पायाला कळत असेल, तर आपल्या माणसाला शेजारी बसवू नका. एका गाडीचे ब्रेक दुसरीला बसतात. आईचा भरवसा तसा काढून बसवता येत नाही. येत असता, तर मामाने तोही भंगारातून उचलून आणला असता.