मानेखालची बाई

पडद्यावर रक्तपिपासू काउंटने शवपेटीच्या झाकणाला हात घातला, तशा पहिल्या रांगेतल्या बायकांनी शाली तोंडाशी नेल्या.

ओब्दुलिया मात्र निवांत होती. झाकणाखाली काय आहे ते तिला ठाऊक होतं : ती स्वतः, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या झग्यात, हातात जपमाळ. मागच्या फेब्रुवारीत एका पडक्या किल्ल्यात ती चार दिवस अशी मरून पडली होती. माद्रिदमध्ये हा सिनेमा तीन दिवस चालला आणि कुणाला पत्ता लागायच्या आत उतरलाही. तिच्या गावी, तोरेसेकात मात्र त्याच्यावर एक लग्न अडलं होतं. "आधी सिनेमा बघीन, मग सून म्हणायचं की नाही ते ठरवीन," असं प्रुदेन्सियाबाईंनी सांगून ठेवलं होतं. म्हणून रविवारी जेवण आटोपून अख्खं गाव चर्चच्या हॉलमध्ये जमलं होतं. मधल्या रांगेत प्रुदेन्सियाबाई आणि त्यांना चिकटून त्यांचा लेओन्सिओ. हा साडेतीन वर्षं पाद्री व्हायला शिकला आणि ओब्दुलियापायी शिक्षण सोडून घरी आला. आईने त्याला अजून माफ केलं नव्हतं.

झाकण सरकलं.

पेटीत ओब्दुलिया होती. जपमाळ होती. झगा नव्हता.

कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून खाली उतरू लागला, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखा.

ओब्दुलियाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. त्या किल्ल्यात प्रत्येक शॉट दोनदा घ्यायचे : एकदा देशासाठी, कपड्यांसकट, आणि एकदा परदेशासाठी. दुसऱ्याला तिने साफ नकार दिला होता. "बरं, तू जेवून घे," दिग्दर्शक म्हणाला होता, आणि ती जेवली होती. तेवढ्या वेळात तिच्या मानेखाली कुणीतरी भलतीच बाई जोडली होती. वर परदेशी जायचे रिळांचे डबे नेमके तोरेसेकात आले होते.

प्रोजेक्टरपाशी फादर आनिसेतो नेहमीच्या खुर्चीवर होते. चुंबन आलं की ते भिंगापुढे हात धरत. सतरा वर्षांत त्यांच्या हातून एक ओठ निसटला नव्हता. पण शवपेटीतून धोका येईल असं त्यांना कोण सांगणार? हात पुढे झाला, पडदा काळा पडला, तोवर गावाने बघायचं ते बघून घेतलं होतं.

"ती मी नाही," ओब्दुलिया उभी राहून म्हणाली.

"तोंड तर तुझंच आहे की." प्रुदेन्सियाबाई मागे वळल्यासुद्धा नाहीत.

"तोंड माझं. बाकीचं नाही."

"बाकीचं उसनं आणलं वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

तेव्हा कितेरिया आत्या उठली. आई गेल्यापासून ओब्दुलियाला तिनेच वाढवलं होतं, आणि आवाज अख्ख्या बाजाराला पुरेल असा.

"खरं बोलतेय पोर! आमच्या ओब्दुलियाला डावीकडे, कमरेच्या खाली, भाजल्याचा डाग आहे. चार वर्षांची होती, शेगडीवर पडली. हा एवढा, आमलेटएवढा! त्या बयेला कुठाय डाग?"

"आत्या, खाली बस ना..."

"का बसू? अब्रूचा प्रश्न आहे!"

"तू तिची आत्या, तू म्हणशीलच," प्रुदेन्सियाबाई म्हणाल्या. "परक्या माणसानं सांगू दे."

सगळ्यांच्या माना सोसिमोकडे वळल्या. गावातली सगळी इंजेक्शनं तोच द्यायचा. तो उठला, टोपी काढून छातीशी धरली.

"मी कायम उजवीकडे टोचतो," तो दुःखाने म्हणाला. "डावीबद्दल माझ्याकडे काही माहिती नाही. खोटं कशाला बोलू?"

प्रुदेन्सियाबाईंनी कोटाचं बटण लावलं. त्या आता उठणार, आणि त्यांच्यामागून लेओन्सिओ जाणार, हे ओब्दुलियाला स्पष्ट दिसत होतं. खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली.

उठला तो लेओन्सिओ. त्याचे कान अंधारातही लाल दिसत होते.

"डाग आहे," तो म्हणाला. "डावीकडेच. पण आमलेटएवढा नाही. लहान आहे. जरा पानासारखा."

या वेळी कुणी हसलं नाही. प्रुदेन्सियाबाईंचा हात बटणावरच थांबला. फादर आनिसेतोंना क्रूसाची खूण करायला उजवा हात लागला, आणि तोच तर भिंगापुढे होता. पडदा पुन्हा उजळला. काउंट अजून वाकतच होता. फार सावकाश चावणारा माणूस.

"लग्न आधी चर्चमध्ये तीन रविवार पुकारायचं असतं," मागून फादरांचा घोगरा आवाज आला. "मी येत्या रविवारी तिन्ही वेळा एकदम पुकारतो. काय, प्रुदेन्सियाबाई?"

"सकाळच्या प्रार्थनेलाच पुकारा," त्या कशाबशा म्हणाल्या. "उशीर नको."

लेओन्सिओ वळून ओब्दुलियाकडे बघत होता. तीही त्याच्याकडे बघणारच होती, पण तिची नजर पडद्यावरून हलेना. पेटीतल्या त्या खांद्यांवर काटा उभा राहिला होता. एका घोट्याला ओळखीचा मण्यांचा दोरा होता.

"आत्या, कुडकुडतेय गं ती."

आत्याने डोळे बारीक केले. "हो की. कुणाची पोर म्हणायची ही?"

"किल्ल्याबाहेर गाडीत राहणारी ती परदेशी मंडळी होती ना, त्यांच्यातली. सकाळी माझी वेणी घालून दिली होती तिनं." ओब्दुलिया खाली बसली. "नाव विचारायचं राहिलं."