दीडचा काटा

गाडीची काच खाली करून सत्यमनं गॅरेजच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "मिस्त्री कुठंयत?"

"मीच हाय."

लातुरात डिझेल इंजिनं उघडायला लागून अंबिकाला सतरा वर्षं झाली होती. हा प्रश्न तिनं इतक्यांदा ऐकला होता, की विचारणारा कितपत माणूस आहे ते तिला नुसत्या सुरावरनं कळायचं. हा हलकाच होता.

पोरगा नांदेडचा. टर्बो इंजिनात किती दाबानं हवा कोंबतो ते दाखवणारं गोल मीटर त्यानं ऑनलाइन मागवून स्टिअरिंगशेजारी स्वतःच्या हातानं बसवलं होतं, आणि हे सांगताना त्याची छाती फुगली होती. घरनं निघताना काटा दीडवर जायचा, वाटेतलं लोहा गाव मागं पडलं की अर्ध्याच्या आकड्यावर यायचा. "टर्बो गेलाय ताई. नवा टाका."

"गाडी ओढत न्हाई का?"

"ओढती की! पण काटा पडून राहिला ना."

याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. अंबिकानं वडलांच्या वेळचं जुनं मीटर जोडून मांडीवर घेतलं आणि त्याला नांदेड रस्त्यानं गाडी पळवायला लावली. इंजिन चांगलं तापलं तसा त्याचा काटा अर्ध्यावर लोळला. तिचा मात्र एकवर ठाम. गाडी अशी सुटली होती की पाठ सीटला चिकटत होती, आणि हा गडी त्या तबकडीकडं बघून हळहळत होता.

परत आल्यावर तिनं बॉनेट उघडलं, त्याला इंजिन रेस करायला लावून त्याच्या मीटरच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं. भसाभसा बुडबुडे आले.

"ही नळी कुठली?"

"घरच्या माशांच्या टाकीची. फिट बसली एकदम."

अंबिकानं त्याच्याकडं एकदा नीट बघून घेतलं. गरम इंजिनाशेजारी ती नळी मेणासारखी मऊ पडत होती, आणि मीटरपर्यंत जायची हवा वाटेतच निसटत होती. तिनं ती उपटून त्याच्या हातात दिली, कामाची जाड नळी घातली, क्लिप आवळली. पुन्हा चक्कर. तापल्या इंजिनावर त्याचा काटा दीडवर. तिचा अजून एकवरच.

गाडी बंद केली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. इंजिन गप्प, तरी त्याचा काटा शून्यावर न येता अर्ध्यावर. हे गाडी दारात आली तेव्हाच दिसायला हवं होतं; क्षणभर तिला स्वतःचाही राग आला.

"काटा तू सरकवला?"

सत्यम ओशाळं हसला. "काच काढून जरासा. सगळ्या दोस्तांच्या गाड्या दीड दाखवतात."

"म्हणजे तुझा काटा खोटा, नळी खोटी. आन् बदलायचा टर्बो? जो एकटा धड हाय तो?"

"काटा राहू द्या तसाच," तो घाईघाईनं म्हणाला आणि मोबाइल काढून, व्हिडिओ चालू करून तिच्यापुढं धरला. "एवढंच बोला ताई, की टर्बो दीड देऊन राहिला. लोक मिस्त्रीचं ऐकतात."

आत्ता बरी ती मिस्त्री झाली! अंबिकानं पदराला हात पुसले, मोबाइलकडं सरळ बघितलं. "गाडी चांगली हाय," ती शांतपणे म्हणाली. "चालवणाऱ्याचं सांगता येत न्हाई."

सत्यमनं तिच्यासमोरच तो व्हिडिओ पुसला, दार धाडकन लावलं. अंबिका तोवर पलीकडच्या जीपखाली सरकली होती.