उरलेले दोन दिवस

लग्नाला एकवीस वर्षं झाली, तेव्हा कुठे त्या दोघांना आठ दिवस समुद्रावर जायला मिळालं. त्यातली अकरा वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठ पुसायची, चमच्याने भरवायचं, हे सगळं सुनेच्या अंगवळणी पडलं होतं. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि घरी आला की चपला काढायच्या आधी आईच्या खोलीत डोकावायचा. या वेळी धाकटी नणंद आपणहून म्हणाली, "वहिनी, आठ दिवस आईला मी माझ्या घरी नेते. तुम्ही दोघं जरा मोकळे व्हा."

पहिले दोन दिवस बायको नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. घरातल्या जंतुनाशकाने सोललेली बोटं खाऱ्या पाण्यात चुरचुरली. एका लाटेने तिला कमरेपर्यंत भिजवलं आणि ती खिदळायला लागली. नवरा काठावर दोघांच्या चपला सांभाळत बसला होता.

"अहो, या ना!"

"तू खेळ. चपला वाहून जातील."

"जाऊ देत की! अनवाणी फिरू."

तो हसला नाही. तिला वाटलं, आईचा घोर लागला असेल.

सहाव्या दिवशी सकाळी ती ओल्या केसांनी खोलीत आली, तर पलंगावर बॅग उघडी आणि तिचे कपडे आत कसेबसे कोंबलेले.

"धाकटीचा फोन होता," तो म्हणाला. "आई जेवत नाहीये. दुपारच्या गाडीने निघू."

ती पलंगाच्या कडेवर बसली. दोन दिवस उरले होते आणि ते तिने मनात राखून ठेवले होते. एक दिवस टोकाच्या दीपगृहापर्यंत चालत जायला, आणि एक काहीच न करायला. तरी कुरकुर न करता ती उठली. गॅलरीच्या कठड्यावरचे टॉवेल काढता काढता तिने नणंदेला फोन लावला. भूक लागायचं औषध द्यायचं राहिलं असेल, असं तिच्या मनात आलं.

"आई जेवत नाही? कोण म्हणालं?" नणंद चकित झाली. "अहो वहिनी, ठणठणीत आहे ती. चहा गार दिला म्हणून सकाळीच मला फैलावर घेतलं. दादाच म्हणाला ना, तुम्हा दोघांना कंटाळा आलाय, आज परत येताय म्हणून."

तिने फोन ठेवला. नवरा पाठमोरा उभा राहून मोज्यांच्या जोड्या लावत होता.

"फोन तुम्ही केलात?"

त्याने मोज्यांची आणखी एक जोडी लावली.

"स्वतःच्या आईच्या नावाने खोटं बोललात?"

"मग काय सांगू? नाही करमत मला इथे."

"दोनच दिवस राहिलेत हो."

"दोन दिवस बोलायचं काय आपण?" तो एकदम बोलून गेला. मग मोजे हातात घेऊन खुर्चीत बसला. "घरी बरं असतं. आईचं औषध, आईचं खाणं, डॉक्टर. इथे तू समोर बसतेस नि माझ्या तोंडाकडे बघतेस. काल जेवताना मी किती वेळ काहीतरी विषय शोधत होतो. सापडला नाही गं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो रागाने बोलला असता, तर तिला भांडता तरी आलं असतं.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मी राहते."

"एकटी? लोक काय म्हणतील?"

"त्यांना सांगा, बायकोला करमतंय."

तो खरंच गेला.

ते दोन दिवस तिने हट्टाने साजरे केले. दीपगृहापर्यंत चालत गेली, त्याला कुलूप होतं. खानावळीतल्या माणसाने सवयीने दोन ताटं मांडली आणि मग एक उचलून नेलं. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं तासभर जेवलं, एक अक्षर न बोलता. ते समाधानाने गप्प होते की आपल्यासारखे, हे ती बराच वेळ निरखत राहिली. तिला कळलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी ती वाळूत बसली. तो आत्ता शेजारी असता, तर आपण त्याला काय सांगितलं असतं? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. पाणी आज शांत आहे, एवढंच सुचलं. अकरा वर्षं ती समजत होती, की म्हातारीच्या आजारपणामुळे दोघं लांब गेली. लांब कधीच गेली होती. म्हातारीमुळे ते दिसत नव्हतं. ती अंधार पडायच्या आत उठली.

घरी पोचली तेव्हा सासूबाई आपल्या पलंगावर परत आल्या होत्या. नवरा दारात उभा होता. प्रवास कसा झाला, हे त्याने विचारलं नाही. सासूबाईंनीच विचारलं.

"कसा होता गं समुद्र?"

"मोठा होता."

"आणि हा का आधी पळून आला?"

तिने सासूबाईंच्या मानेखाली हात घालून उशी सारखी केली.

"त्यांना तुमची आठवण आली."

म्हातारीचा चेहरा फुलला. "लहानपणापासून असाच आहे," ती म्हणाली.

नवऱ्याने मान खाली घातली. मग उद्या डॉक्टर किती वाजता येणार, ते विचारलं.

"दहाला," ती म्हणाली.