सोफ्यामागचे डबे

"सोफा चार बोटं पुढे आलाय. आलाय म्हणजे आलाय. माझे डोळे अजून शाबूत आहेत म्हटलं."

इनायत दिवाणखान्याच्या दारात पुटपुटत होती. तिची लेक राविया बोळात उभी राहून ऐकत होती. सोफा खरंच पुढे आला होता आणि त्याच्या मागे रावियाचे चार डबे होते.

शुब्रा नावाच्या दाट वस्तीतलं चौथ्या मजल्यावरचं घर. दोन खोल्या, एकाच माणसानं उभं राहावं असं स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मोठी, उजेडाची खोली म्हणजे हा दिवाणखाना. सोनेरी पायांच्या सहा खुर्च्या, सोनेरी सोफा, सगळ्यांवर पांढरे अभ्रे. घरातलं कुणी तिथं बसत नसे. खोली पाहुण्यांसाठी होती. कसल्या पाहुण्यांसाठी, ते मायलेकी बोलत नसत. राविया एकोणचाळीसची झाली होती, शेवटचं स्थळ येऊन अकरा वर्षं झाली होती, तरी दर गुरुवारी इनायत त्या सोनेरी पायांवरची धूळ पुसायची.

गल्लीतल्या व्यायामशाळेनं बायकांची वेळ बंद केली आणि रावियाचं घोडं अडलं. अलेक्झांड्रियात पस्तिशीपुढच्या बायकांची वजन उचलायची स्पर्धा दोन महिन्यांवर आलेली. झोपायच्या खोलीत हात वर केला की पंखा. मग तिनं तुपाचे मोठे रिकामे डबे मिळवले, गच्चीवर त्यांत सिमेंट भरलं, भुकटी गालिच्यावर सांडू नये म्हणून वर झाकणं ठोकली, आणि आई बाजारात गेलेली बघून एकेक खाली आणला. एकेक डबा पस्तीस किलोचा. आईला सवडीनं सांगू म्हणाली.

सवड मिळाली नाही. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला: उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर पाहुणे येताहेत. मुलगा विधुर आहे, कस्टममध्ये आहे, आई हज करून आलेली आहे. इनायत पुसापुशीला जी दिवाणखान्यात शिरली ती बाहेर येईना, आणि रावियाला डबे हलवायला वावच उरला नाही.

पाहुणे आले. केकचा खोका आला. मुलाची आई, हाज्जा नर्गिस, सोफ्यावर टेकल्या, त्यांची जपमाळ मागे घसरली, आणि ती काढायला त्या वाकल्या.

"अगं बाई! तूप! चार-चार डबे! गावाकडचं का हो?"

इनायतनं मान लांब करून पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. "अल्लाची कृपा," ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मग एक आमच्याकडे जाऊ दे. सून येईल तेव्हा येईल, तूप तरी येऊ दे. वगदी, उचल रे."

मुलानं, वगदीनं, कोटाच्या बाह्या सारल्या. ओढलं. डबा ढिम्म. दोन्ही हातांनी ओढलं. मान टोमॅटोसारखी लाल झाली.

"गोठलंय वाटतं," तो धापा टाकत म्हणाला.

"गोठलं म्हणून तूप जड होतं होय रे? सकाळी जेवलास ना?"

रावियानं चहाचा ट्रे खाली ठेवला. "जरा बाजूला व्हा, साहेब."

गुडघे वाकले, पाठ सरळ राहिली. दोन हातांत दोन डबे घेऊन ती सगळा गालिचा ओलांडून गेली आणि पाहुण्यांपुढे ते असे टेकवले की कपातला चहासुद्धा हलला नाही.

"यात सिमेंट आहे, हाज्जा. मी उचलते."

"उचलतेस? कशासाठी?"

"उचलायला."

हाज्जांना एकदम घरची कामं आठवली. वगदीनं निघताना डब्यांकडे एकदा वळून पाहिलं, जरा आदरानंच.

दार लागलं. राविया बोलणी खायला तयार होऊन उभी राहिली. पण इनायत एका डब्यापाशी गेली, कडीला हात घातला, जीव खाऊन ओढलं. डबा हलला नाही. ती मटकन सोफ्यावर बसली. लेकीच्या आठवणीत पहिल्यांदाच बसली. आणि पोट धरून हसायला लागली.

"गोठलंय म्हणे! सिमेंटचे डबे माझी पोर दोन हातांत दोन..."

हसू थांबलं. तिनं डोळे पुसले, खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"इथे कुणी येणार नाहीये, राविया. मला केव्हाचं ठाऊक आहे. आणि तुलाही कुणी यायला नकोच होतं. चल, धर सोफ्याचं ते टोक, तुझ्या डब्यांना जागा करू."