कमानीचा मान

मंडपवाल्यांचं अधिवेशन पितृपक्षात भरतं. गणपती उठलेले असतात, नवरात्र बसायचं असतं, मधल्या पंधरवड्यात कुणी लग्न काढत नाही की वास्तुशांत काढत नाही, म्हणून जिल्ह्यातले सगळे मंडप-डेकोरेटर तेवढे दिवस मोकळे सापडतात. वर्षभर दुसऱ्यांच्या डोक्यावर कपडा धरणारी ही माणसं त्या दिवशी स्वतः मंडपाखाली खुर्चीवर बसतात. बसतात खरी, पण व्यासपीठाकडे कुणाचं लक्ष नसतं. सगळ्यांच्या माना वर. सिलिंगला झोल कुठं पडला, झालर कुणी उलटी लावली, ही गाठ कुणाच्या हातची, यावरच भाषणं संपेपर्यंत कुजबुज चालते.

रखमाजी मात्र आज वर बघत नव्हता. जालन्याच्या बायपासजवळच्या त्या मैदानात तिसऱ्या रांगेत बसून तो सारखा मागं वळून बायकांच्या खुर्च्यांकडं बघत होता. तिथं अगदी कडेच्या खुर्चीवर सुरेखा बसली होती. अंगावर पांढरं लुगडं, मांडीवर पिशवी. सकाळच्या एसटीनं ती अंकुशनगरहून एकटीच आली होती, आणि तिला यायला सांगितलं होतं ते रखमाजीनंच. या वर्षी श्रद्धांजलीत संघपालचं नाव घेतलं जाणार, असं त्यानं तिच्या दारात उभं राहून सांगितलं होतं.

संघपाल म्हणजे सुरेखाचा नवरा. रखमाजी आणि तो एकाच गावचे, एकाच धंद्यातले. कारखान्याच्या रस्त्यावर दोघांची गोडाऊनं समोरासमोर होती. रखमाजीचा हात सिलिंगवर बसलेला, संघपालचा कमानीवर. अधिवेशनाची स्वागत कमान म्हणजे संघपालनंच करायची, हे इतकी वर्षं ठरून गेलं होतं. एका वर्षी त्यानं नुसत्या सुतळीची कमान विणली होती. आलेले पाहुणे आत यायचं सोडून तिच्याखाली फोटो काढत उभे राहिले. त्या कमानीबद्दल त्याला एक रुपया मिळत नव्हता, उलट घरचं सामान खर्ची पडत होतं. पण कमानीच्या पायाशी छोट्या अक्षरांत 'सेवा : संघपाल डेकोरेटर्स' एवढी पाटी लागायची, आणि तेवढ्यावर गडी वर्षभर खूश असायचा.

ही युक्ती आदिनाथशेठची. शेठ संघटनेचे अध्यक्ष. जुन्या जालन्यात त्यांचं कपड्याचं ठोक दुकान आहे, आणि जिल्ह्यातला निम्मा मंडप त्यांच्याच दुकानातून गेलेला आहे. शेठ बैठकीत हसत सांगायचे, की सभासद वर्गणीच्या पावतीनं टिकत नसतो. त्याला अधिवेशनात एक काम द्यावं, छातीवर बिल्ला लावावा, माईकवरून नाव घ्यावं, मग तो हाकलला तरी जात नाही. ऐकणारे टाळ्या वाजवायचे. आपल्याबद्दलच हे चाललंय, हे एकाच्याही ध्यानात यायचं नाही. माणसाला कुठं खाजतं ते शेठला बरोबर कळत होतं.

गेल्या वर्षी अधिवेशन परतूरला होतं. आदल्या दिवशी दुपारी भुरभुर पाऊस होता. पाहुणे सकाळी येणार म्हणून शेठ उभे राहून घाई करत होते. कमानीची जागा ऐनवेळी मैदानातून रस्त्याकडं सरकवली, कारण मंत्र्यांच्या गाडीतून ती आधी दिसली पाहिजे होती. संघपालनं ओला लोखंडी पाईप उभा केला आणि तो वरच्या विजेच्या तारेला लागला. दहा हातांवर रखमाजी सिलिंगचा कपडा खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर बरेच दिवस त्याला जेवण जात नव्हतं.

अधिवेशन रद्द झालं नाही. संघपालला दवाखान्यात नेलंय, एवढंच सांगण्यात आलं. उरलेली कमान दुसऱ्यांनी उभी केली आणि सकाळी पाहुणे तिच्याखालून आत आले. पुढं पोलिसांच्या कागदावर असं आलं, की मयत त्या दिवशी परतूरला स्वतःच्या खासगी कामासाठी आला होता. पाटी तेवढी कुणीतरी काढून ठेवली होती.

सुरेखानं कोर्टकचेरी केली नाही. तिच्या घरी संघपालच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा वस्ती लोटली होती, पण संघटनेकडून एकटा रखमाजीच गेला. तेव्हा ती म्हणाली होती, "भाऊ, मला कायीबी नको तुमच्या संघटनेचं. साक्षीच्या पप्पाचं नाव तेवढं घ्या चार माणसात. त्यायचा सगळा जीव तिथंच व्हता. मेल्यावर त्यायला कुणी वळखीना झालं."

रखमाजीनं ते मनावर घेतलं. वर्षभर तो शेठच्या मागं लागला. शेठ दर वेळी चहा पाजत आणि बघू, अधिवेशनात रीतसर करू म्हणत. तोच त्यानं शब्द धरला आणि सुरेखाला सांगून बसला. भोळा माणूस. शेठच्या 'बघू'ला त्यानं 'हो' समजावं, यातच त्याचं सगळं आलं.

आज सकाळी दीपप्रज्वलनाआधी त्यानं शेठना पुन्हा गाठलं आणि सुरेखा आल्याचं सांगितलं. शेठचा चेहरा जरा उतरला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं.

"रखमाजी, तू घरचा माणूस, म्हणून सांगतो. नाव घेतलं की लोक विचारणार, गेला कसा? कमान सरकवली कुणी? परवानगी होती का? मंग संघटनाच कोर्टात उभी राहील. संघटना मोडली तर तुझ्यामाझ्यासारख्याला कोण विचारतं? जल्दी नको करू. बघू आपण."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी रखमाजीची गत झाली. तरी त्याला वाटत राहिलं, शेठ इतके निर्दय नाहीत, ऐनवेळी घेतील नाव.

कार्यक्रम सुरू झाला. नमनालाच घडाभर तेल गेलं. मग निवेदकानं सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. श्रद्धांजलीत आधी एका पुढाऱ्याचं नाव आलं, मग सीमेवरच्या जवानांचं, मग शेठच्या चुलत्यांचं. चुलते वयाची नव्वदी गाठून गेले होते आणि त्यांनी जन्मात मंडपाची सुतळी धरली नव्हती. त्यानंतर निवेदक म्हणाला, "आणि ज्ञात-अज्ञात सर्व दिवंगत बांधवांना." सगळ्यांनी माना खाली घातल्या. अख्ख्या अधिवेशनात मंडपवाल्यांच्या माना तेवढाच वेळ खाली होत्या.

रखमाजीनं हळूच मागं पाहिलं. सुरेखाही उभी होती, हात जोडून, डोळे मिटून. ती अजून वाट बघत असावी. लोक बसले तरी ती क्षणभर उभीच राहिली, मग तिनं डोळे उघडले आणि सरळ त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला नुसतं समजलं होतं.

एवढा संताप रखमाजीला आयुष्यात आला नव्हता. बास झालं, आता आपणच बोलायचं, असं त्यानं ठरवलं. दुपारच्या सत्रात कुणालाही बोलता येतं, पण तोवर थांबायचा धीर त्याला नव्हता. तो उठला आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे ओलांडत व्यासपीठाकडं निघाला. पायऱ्यांजवळ पोचला तेव्हा शेठनी त्याला वरून पाहिलं. शेठ खुर्चीतून उठले, निवेदकाच्या कानाला लागले, आणि पुढच्याच क्षणी भोंग्यातून रखमाजीचं नाव आलं.

या वर्षीचा निष्ठावंत सभासद पुरस्कार अंकुशनगरच्या रखमाजी यांना. बघा, नाव पुकारायच्या आधीच आपला सेवक पायऱ्यांशी हजर आहे, असं निवेदक म्हणाला आणि मंडप हसला, मग टाळ्या कडाडल्या. पुरस्कार आधीपासून ठरला होता, की शेठनी तो तिथल्या तिथं काढला, कोण जाणे. शाल मात्र तयार होती. शाली अशा वेळी कायमच तयार असतात.

त्याला वर ओढून नेलं गेलं. डोक्यावर फेटा आला, अंगावर शाल आली, हातात नारळ आला. पाहुणे म्हणून आलेल्या मंत्र्यांनी त्याचा हात हातात घेऊन फोटोसाठी तसाच धरून ठेवला. मग शेठनी माईक हातात घेतला. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनाचं यजमानपद अंकुशनगरला, आणि स्वागत कमानीचा मान रखमाजीला, असं त्यांनी जाहीर केलं. अंकुशनगरच्या बाजूची, अंबडची पोरं उभी राहून शिट्ट्या वाजवू लागली. शेठनी माईक रखमाजीच्या हातात दिला. दोन शब्द बोल, म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मायेचा होता.

आता बोलायचं होतं. समोर सगळा जिल्हा बसला होता, माईक चालू होता, अडवणारं कुणी नव्हतं. 'संघपाल' एवढं चार अक्षरी नाव. रखमाजीनं तोंड उघडलं. पण आजवर कुणी त्याच्यासाठी टाळी वाजवलेली नव्हती. लग्नाच्या मंडपात तो कायम मागच्या दारी जेवलेला माणूस, आणि आज एवढे लोक त्याच्याकडं तोंड करून बसलेले. शाल अंगावर ऊबदार लागत होती. ती पांघरून शिव्या कशा द्याव्यात, हे त्याला कळेना.

"संघटना माझी माय हाय," तो म्हणाला. "मला लई दिलं संघटनेनं. पुढच्या वर्षी आमच्या गावाला समदे या. अशी कमान करतो, की बघत राहाल."

पुढं त्याला बोलवेना. लोकांना वाटलं, गडी भारावला. भारावलाही होता, तेही खोटं नव्हतं. खाली उतरताना तो रडत होता, आणि कशासाठी रडतोय हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला उतरायची वाट सापडत नाही.

जेवणाची सूचना झाली तेव्हा त्यानं बायकांच्या खुर्च्यांकडं पाहिलं. कडेची खुर्ची रिकामी होती. तो शाल सावरत बाहेर धावला. सुरेखा कमानीपाशी थांबली होती, पिशवी काखेत मारून. त्याच्यासाठीच थांबली होती.

"वहिनी, मी बोलणारच व्हतो. आल्तो पायऱ्यांपर्यंत," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बराबर घेऊ नाव. आपल्याच गावात हाय."

सुरेखानं त्याच्या फेट्याकडं पाहिलं, मग शालीकडं. तिनं कसलाही आरोप केला नाही. साक्षी घरी एकटी आहे, एसटी निघून जाईल, असं काहीतरी ती म्हणाली. चार पावलं गेली आणि परत वळली.

"भाऊ, कमान उभी करताना वर तार हाय का बघत जा," ती म्हणाली. "त्यायला कुणी सांगितलं न्हाई. तुम्हाला तरी कुणीतरी सांगाया पाह्यजे."

ती जय भीम करून निघून गेली. रखमाजीनंही हात जोडून जय भीम घातला, पण तोवर तिची पाठ फिरली होती. तिनं मनापासून सांगितलं होतं. तिच्या आवाजात टोमणा असता तर तो त्यानं झटकून टाकला असता.

त्यानं मान वर केली. कमानीच्या टोकापासून हातभर अंतरावरून तार गेली होती. याही वर्षी. सकाळपासून शेकडो मंडपवाले माना वर करून इथून आत गेले होते, आणि प्रत्येकानं कमानीचा कपडा तेवढा पाहिला होता. शेठना जाऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, आज नको, आजचा दिवस चांगला गेलाय, उगाच त्यांना वाईट वाटेल.

आतून पंगतीसाठी त्याच्या नावाचा पुकारा झाला. सत्कारमूर्तींना पहिल्या पंगतीला मान होता. तो निघाला. चालता चालता त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला, की कारखान्याच्या रस्त्यावर कमान कुठं उभी करावी, कोणता कपडा घ्यावा, सुतळीची विणावी की वेगळं काही करावं. त्याची त्यालाच लाज वाटली, फार वाटली, पण विचार काही थांबेना.