बोयाच्या आतल्या अंगानं

आमच्या डिंगी संघाची निवडणूक पाण्यावर होते. चिठ्ठ्या नाहीत, पेटी नाही, हात वर करणं नाही. डिंगी म्हणजे दोघं बसले की तिसऱ्याच्या टोपीलाही जागा उरू नये एवढी शिडाची नाव. खाडीत एक नारिंगी बोया आहे, तळाशी साखळीनं बांधलेला आणि पाण्यावर डुलणारा गोळा. मतदानाच्या दिवशी सगळ्या डिंग्या धक्क्यावरून सुटतात आणि बोयापाशी येतात. ज्याला जुनाच पदाधिकारी हवा त्यानं बोयाच्या बाहेरच्या अंगानं, भर पाण्याकडून जायचं. ज्याला नवा उमेदवार हवा त्यानं आतल्या अंगानं, म्हणजे बोया आणि किनारा यांच्या मधून. एक डिंगी, एक मत.

मी थापा मारतो अशी माझी ख्याती आहे, पण ही थाप नाही. एके वर्षी वादळात संघाच्या खोलीचं छप्पर उडालं. उडालं ते खाडी ओलांडून समोरच्या शाळेवर नेमकं बसलं. त्या शाळेला तेव्हापासून दोन छपरं आहेत, आणि मास्तर म्हणतात उन्हाळ्यात गार वाटतं. सभेला जागा नाही म्हणून त्या वर्षी मतदान पाण्यावर उरकलं. पुढं खोलीला नवं छप्पर आलं, तरी पद्धत तशीच राहिली, कारण तोवर कप्तानाच्या एक गोष्ट ध्यानात आली होती.

कप्तान म्हणजे आमचे अध्यक्ष. दोन माणसांहून मोठ्या नावेचं सुकाणू त्यांनी जन्मात धरलेलं नाही, पण रुबाब असा की आगबोटीनं वाट सोडावी. त्यांच्या ध्यानात आलं ते असं. दुपारी आमच्याकडे वारा किनाऱ्यावरून पाण्याकडे सुटतो. ज्याला शीड सांभाळता येतं तो वाऱ्याशी झगडून आतल्या अंगानं जाऊ शकतो. ज्याला येत नाही तो आपसूक बाहेर ढकलला जातो. म्हणजे नवशिक्याच्या मनात काहीही असो, मत कप्तानाला. आणि पट्टीचे शर्यतवाले तर कप्तानाचे चेलेच. चित भी मेरी, पट भी मेरी. याला आमच्या संघात परंपरा म्हणत. मी एकदा भर सभेत म्हणालो, "अहो, वाहून गेलेला माणूस मत देत नाही, तो वाहून जातो!" कप्तान हसले. म्हणाले, "गप्पीदास, मनात काय होतं ते आपण विचारत नाही. नाव कुठून गेली तेवढं बघतो." सगळी खोली हसली. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता माझ्या ताईबद्दल सांगतो. ती माझ्याहून मोठी. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात. निवृत्त झाल्यावर ती संघात गेली आणि म्हणाली, मला डिंगी चालवायला शिकायचंय. प्रशिक्षण चिटणीस होते कप्तानच. अध्यक्षपदाच्या जोडीला हेही पद त्यांनी वर्षानुवर्षं खिशात घातलेलं, आणि शिकवलं म्हणाल तर कुणाला गाठ मारायलासुद्धा नाही. ते ताईला म्हणाले, "बाई, तुमच्या वयाला नाव शोभते, पण बसायला. चालवायला नव्हे."

ताईनं एक जुनी डिंगी घेतली आणि स्वतःच शिकली. ती इतक्यांदा पाण्यात पडली की खाडीतले मासे तिला ओळखायला लागले. एक काळा मासा तर ती उलटली रे उलटली की सुकाणूपाशी येऊन थांबायचा. पण शिकली. आणि शिकल्यावर तिनं शनिवारचा वर्ग काढला, फुकट, कुणीही यावं असा. आपल्याला ऐकावं लागलं ते दुसऱ्या कुणाला ऐकावं लागू नये, एवढंच तिच्या मनात. शिंपीणकाकू आल्या, आमचा न्हावी आला, हळूहळू धक्का भरला. ताईचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि शनिवारीच संपायचा. मधले दिवस नुसते ढकलायचे.

तर त्या वर्षीच्या सभेत, ओल्या दोऱ्यांचा वास आणि कपाटातल्या काळवंडलेल्या चषकांच्या साक्षीनं, कप्तानांनी जाहीर केलं, "पुढच्या हंगामापासून शनिवारचा वर्ग बंद."

ताई उभी राहिली. "का?"

"शनिवारी शर्यतीचा सराव असतो, ताई. तुमची बदकं मधे येतात. परवा तुमच्या या न्हाव्यानं माझ्या डिंगीला धडक दिली."

"धडक नाही हो साहेब," न्हावी म्हणाला, "नमस्कार करायला जवळ आलो होतो. थांबायचं कसं, तो धडा अजून व्हायचाय."

"बघा! आणि हे बघा, मी काय या चिटणीसपदाला चिकटून बसलेलो नाही." इथं कप्तानांनी छातीवर हात ठेवला. दर वर्षी ठेवायचे. "मला तर सुटका हवी आहे. पण पुढं कोणी येतच नाही."

"मी येते," ताई म्हणाली. "घ्या सुटका."

खोलीत अशी शांतता पसरली की कपाटातल्या चषकांवर धूळ बसतानाचा आवाज मी ऐकला. आमच्याकडे पद मागायचं नसतं. नको नको म्हणायचं, मान हलवायची, आणि मग मोठ्या कष्टानं गळ्यात पडू द्यायचं असतं. कुणी सरळ मागितलं की त्याच्या मनात काळंबेरं आहे, असा नियम. बाहेर पडताना शर्यतवाले कुजबुजत होते, "या वयात केवढी ती हाव!" हाव म्हणे! फुकट शिकवायची हाव! मी तिथंच बाही वर सारली, पण ताईनं कोपर धरलं. "घरी चल. चहा थंड होतोय." चहा अजून केलेलाच नव्हता.

चिटणीसपदासाठी कप्तान विरुद्ध ताई असं मतदान ठरलं. पुढचे दिवस ताई नवशिक्यांना घेऊन बोयापाशी सराव करत राहिली. आतल्या अंगानं कसं जायचं, शीड किती ओढायचं, कुठं वाकायचं. आणि दर वेळी वारा येई आणि सगळ्यांना अंगणातल्या पाचोळ्यासारखा बाहेर झाडून टाकी. शिंपीणकाकू रडकुंडीला आल्या. न्हावी म्हणाला, "ताई, मी तुमचाच. पण माझी डिंगी विरोधकांना फितूर आहे."

ताई हसली नाही. घरी आल्यावर तिनं ओले बूट दाराशी ठेवले आणि तिथंच पायरीवर बसून राहिली. "माझीच माणसं माझ्या डोळ्यांदेखत बाहेरून जाणार," म्हणाली. "आणि मग कप्तानच म्हणणार, बघा, तुमच्या विद्यार्थ्यांनाही वर्ग नकोय." मी तिला काळ्या माशाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आज नको रे."

मतदानाचा दिवस उजाडला. वारा असा की न्हाव्याच्या दुकानातले कापलेले केस उडून सरळ टकल्यांच्या डोक्यावर बसत होते. मतदान सुरू करायचा भोंगा वाजायच्या बेतात होता. एवढ्यात कप्तान टेप घेऊन आले. म्हणाले, नवशिक्यांच्या नावा नियमात बसतात की नाही ते आधी मोजायचं.

"आत्ता?" मी ओरडलो. "इतकी वर्षं कुणाची नाव मोजली नाहीत ती!"

"गप्पीदास, नियम तो नियम."

आणि खरंच मोजायला लागले! शीड मोजलं, डोलकाठी मोजली, सुकाणू मोजलं. बरी निघाली म्हणून परत मोजली. शिंपीणकाकूंच्या नावेपाशी तर इतका वेळ वाकून राहिले की काकू म्हणाल्या, "अहो, माप घेताय की गुदगुल्या करताय?" वाऱ्यानं जिंकत असलेला माणूस, आणि तरी त्याला समोरचा नुसता हरायला नको होता, शर्यतीतूनच हाकलायला हवा होता. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. ताई मात्र आपल्या नावेच्या दोरीची गाठ सोडत होती आणि परत मारत होती. मी वळून दुसरीकडे बघितलं.

मोजून मोजून एकही नाव नियमाबाहेर निघेना. शेवटी कप्तानांनी टेप गुंडाळली आणि भोंगा वाजला. डिंग्या सुटल्या. कप्तान सगळ्यांत पुढं, शर्यतवाले त्यांच्यामागं, मग ताई आणि तिची मंडळी. मीही माझ्या डिंगीत होतो. अर्ध्या वाटेवर गेलो आणि वारा पडला.

कमी झाला नाही. पडला. ताट उचलावं तसा उचलून नेला कुणी. शिडं धुतलेल्या चादरींसारखी लोंबायला लागली. आणि त्या मोजामोजीत भरतीची वेळ झालेली. आमच्या खाडीत भरतीचं पाणी नावांना किनाऱ्याकडे खेचतं. सगळ्या डिंग्या, कप्तानांची पहिली, सावकाश फिरल्या आणि बोयाच्या आतल्या अंगाला निघाल्या.

"तहकूब!" कप्तान ओरडले. "मतदान तहकूब!"

मतं मोजायला बोयाजवळ नांगर टाकून बसले होते दातांचे डॉक्टर, कप्तानांचे सख्खे मेहुणे. वर्षभर दाजींपुढं तोंड न उघडणारा माणूस. बहुतेक दुसऱ्यांची तोंडं उघडून उघडून दमत असेल. ते म्हणाले, "दाजी, भोंगा वाजलाय."

शर्यतवाल्यांची मग एकच धांदल उडाली. कुणी शीड झटकलं, कुणी हातानं पाणी मारलं, कुणी नाव हलवून हलवून स्वतःच पाण्यात पडला. कप्तानांनी बूट काढला आणि बुटानं पाणी मागं सारायला लागले. ताई आपल्या मंडळींना एवढंच म्हणाली, "काही करू नका. हात मांडीवर ठेवा." बदकं कशी, रांगेत, आतल्या अंगानं गेली. मागून शर्यतवाले गेले, पाठमोरे, आडवे, जमेल तसे. सगळ्यांत शेवटी कप्तान. त्यांचा बूट हातातून सुटला, तोसुद्धा आतल्या अंगानंच गेला. डॉक्टरांनी तो मोजला नाही. त्या दिवशी ताईवर झालेला अन्याय म्हणजे एवढाच.

"रद्द!" कप्तान एका बुटावर उभं राहून गरजले. "हे काय मत आहे? मी वाहून गेलो!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "दाजी, मनात काय होतं ते आपण विचारत नाही. नाव कुठून गेली तेवढं बघतो. बाहेरून एकही नाही."

मी टाळी वाजवली. माझ्या टाळीचा आवाज समोरच्या शाळेपर्यंत गेला आणि मास्तरांनी शाळा सोडली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माझ्या संतापाचं कारण पुढंच आहे. त्याच संध्याकाळी कप्तान संघाच्या खोलीत हार घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, मी स्वतः माझं मत तुम्हाला दिलं. पदाचा मोह मला कधी नव्हताच. सगळ्यांनी पाहिलंय, मी आतून गेलो." आणि लोकांनी माना डोलावल्या! ज्यांनी तो बूट डोळ्यांनी पाहिला त्यांनीसुद्धा! आता गावभर हेच बोलतात, कप्तान किती दिलदार, स्वतःच्या विरुद्ध मत दिलं. मी खरं सांगायला जातो तर म्हणतात, "गप्पीदास, पुरे!" जन्मभर थापा मारल्या, त्या लोकांनी चवीनं ऐकल्या. एकदाच खरं बोलतोय, तर कुणी ऐकेना. आणि या माणसानं आयुष्यात एकच थाप मारली, ती मात्र संघाच्या इतिहासात गेली.

"अगं, तुला राग येत नाही?" मी ताईला विचारलं.

"येतो की," ती म्हणाली. "पण शनिवारी सकाळी रागाला यायला वेळ नाही."

पहिल्या शनिवारी धक्का नव्या माणसांनी गच्च भरला. वारा छान होता. आणि कप्तान हजर! उद्घाटनाचं भाषण करायला. नवशिक्या नावांत बसलेले, शिडं फडफडतायत, आणि हे सांगतायत की अध्यक्ष असून मी मोठ्या मनानं आतल्या बाजूनं कसा गेलो. वारा पडला तेव्हा, म्हणे, अंतरात्म्याचा आवाज ऐकू आला. मी दात खाल्ले. न्हाव्यानं माझा हात दाबून धरला.

ताई पहिल्या नावेपाशी गेली, वाकली, दोरीला हिसका दिला. दोरी हलेना. तिनं वर बघितलं.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या दोरीवर उभे आहात. पाय उचला."

कप्तानांनी पाय उचलला. भाषण अर्धवट राहिलं, आणि नाव निघाली.