अण्णाचं मरण आणि मामांची सभा

छप्पन साली बेळगाव कुणाचं यावरून दोन्हीकडे डोकी तापली होती, आणि आमच्या बिंदुमाधव अण्णाला मात्र सिनेमात मरायचं होतं.

रघुपती नावाचा दिग्दर्शक आमच्या बेंगळुरात, चामराजपेठेत एक कन्नड चित्रपट काढत होता. बेचाळीसची चळवळ, तिच्यात एका खबऱ्याचा खून. तो मुडदा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकच शॉट, तोही निपचित. पण कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबणार होता, आणि तेवढ्यासाठी हा पन्नाशीचा हेडक्लार्क रोज आरशासमोर मरत होता. डोळे मिटून आरशात काय दिसायचं, देव जाणे.

शूटिंगच्या आठवड्यातच परसात कावळा त्याच्या डोक्याला शिवला. वसुमती वहिनीच्या हातातलं ताट पडलं. आमच्याकडे कावळा शिवला की माणूस गेल्याची खोटी खबर नातेवाइकांना धाडतात. ते रडले की अरिष्ट टळतं, मग दुसऱ्या दिवशी खरं कळवायचं.

"कोणी रडल्याशिवाय तुम्ही त्या सिनेमात मरायचं नाही," वहिनी म्हणाली.

"अगं, पण शॉट..."

"शॉटला स्वल्प थांबायला सांगा."

मी बेळगावच्या भगवंतराव मामांना तार ठोकली: बिंदुमाधव गेला. खुलाशाची तार करायला गेलो तर बेळगाव बंद, तारा अडकलेल्या.

मामा रडणाऱ्यांतले नव्हते, भाषणं ठोकणाऱ्यांतले होते. बंद उठल्यावर तिकडून आलेल्या पद्माकर शेजाऱ्याने बातमी आणली. मामांनी भाच्याच्या फोटोला हार घालून चौकात सभा घेतली आणि 'बेंगळुरात मराठी माणसाचा बळी' म्हणून घसा फोडला.

"कोणी रडलं का?" वहिनीने एवढंच विचारलं.

"छे हो, सगळे चिडले होते."

वहिनीचं तोंड उतरलं. शूटिंग दुसऱ्या दिवशीच होतं. अण्णा सकाळी पिशवी घेऊन भाजीला म्हणून निघाला आणि थेट सेटवर जाऊन आडवा झाला. वहिनीला सुगावा लागला तोवर दुपार झाली होती. ती धावली, मी तिच्या मागे.

भर दुपारी कॅमेऱ्याला काळी काच लावून रात्र केली होती. अण्णा लाल रंगात माखून पडला होता. कॅमेरा सुरू झाला आणि गल्लीत एक इन्स्पेक्टर शिरला, मागे दोन शिपाई. मामांच्या सभेतल्या बळीची चौकशी करायला ते आमच्या घरी गेले होते, शेजाऱ्यांनी त्यांना इकडे पाठवलं. खाकी बेचाळीसपासून बदललेली नव्हती. रघुपतीला वाटलं, आपलेच नट.

इन्स्पेक्टरने अण्णाला हलवलं, गालावर चापट्या मारल्या. अण्णा ढिम्म. कॅमेरा चेहऱ्याशी आला होता ना! इन्स्पेक्टरने टोपी काढली.

"सत्तोगिद्दाने," तो शिपायांना म्हणाला. मेलाय.

वहिनीने हंबरडा फोडला. रंग खोटा, मरण खोटं, तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती धाय मोकलून रडली.

रघुपती "कट!" ओरडला. अण्णाने एक डोळा उघडला, तसे शिपाई मागे उडाले.

"वसू, अगं रडतेस कशाला? मी आहे."

वहिनीने पदराने नाक पुसलं.

"मग कोण रडणार होतं तुमच्यासाठी? मामांनी नुसती सभा घेतली! उठा आता, टळलं सगळं. आणि भाजी कुठाय?"